चार्ल्स कोरिया, बेलापूरचे चौक आणि आमचं धाब्याचं घर

या वेळी नेहमीसारखा प्रयोग नाही, आलेख नाही. एका आर्किटेक्टच्या कामाबद्दल लिहायचंय, आणि त्याला निमित्त आमच्या घरात झालेलं भांडण.

मेहकरपासून थोड्या अंतरावर आमचं गाव. तिथलं जुनं घर धाब्याचं. ज्यांनी धाबं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: दगड-मातीच्या जाड भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, मग काटक्या, पाला आणि सगळ्यात वर हातभर पांढरी माती. पांढरी म्हणजे गावठाणाची माती. शेतातली काळी माती इथं चालत नाही. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि छतावर टाकली तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी घरात येतं. मराठवाड्यात अशाच छताला माळवद म्हणतात.

मे महिन्यात घरी गेले तेव्हा बाबांनी जाहीर केलं, दिवाळीनंतर धाबं पाडायचं आणि स्लॅब टाकायचा. मी अर्थातच विरोध केला. छतातून घरात उतरणारी उष्णता हाच माझा पीएचडीचा विषय, मग मी नाही बोलायचं तर कोणी? लॅपटॉप उघडून समजावायला बसले. आजीनं पाचेक मिनिटं शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाली, "तुले काय जाते सांगाले? वर्षातून दोनदा येतं तू. धाब्यावर माती कोन टाकते? गवत कोन उपटते? पावसाळ्यात रातभर गंज न् परात कोन मांडत बसते?"

बाबा एकच शब्द बोलले. "किल्लारी."

माझ्याकडे दोघांनाही उत्तर नव्हतं. ते का नव्हतं हे शोधता शोधता मी चार्ल्स कोरियांपर्यंत पोचले. पण आधी मी लॅपटॉपवर काय दाखवत होते ते थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा लेख त्यावर उभा आहे.

छतावर पडणारं ऊन ही २४ तासांची एक लाट समजा. दुपारी शिखर, पहाटे तळ. ही लाट छताच्या जाडीतून खाली उतरताना दोन गोष्टी होतात: तिला उशीर होतो आणि ती लहान होत जाते. किती, ते पदार्थावर आणि जाडीवर ठरतं. साधारण १२ सेंटिमीटर काँक्रीटच्या स्लॅबमधून लाट खाली यायला ढोबळमानानं तीन-साडेतीन तास लागतात आणि खाली पोचते तेव्हा तिची उंची चाळीस टक्क्यांच्या आसपास उरलेली असते. (स्लॅब पातळ असतो, त्यामुळे प्रत्यक्षात यापेक्षा जास्तच त्रास होतो.) म्हणजे दुपारी एकचं ऊन संध्याकाळी चार-पाचला तुमच्या डोक्यावर. दिवसभर राबून माणूस घरी येतो नेमका तेव्हा. ४० सेंटिमीटर मातीतून यायला मात्र त्याच लाटेला बारा-तेरा तास लागतात आणि खाली तीन-चार टक्केच पोचते. दुपारचं ऊन मध्यरात्रीनंतर येतं आणि तेही नावापुरतं. पत्र्याबद्दल काही लिहीत नाही. पत्र्याखाली राहणाऱ्याला गणित लागत नाही.

एवढं माझ्या बाजूचं. आता बाबांच्या बाजूचं गणित. ४० सेंटिमीटर माती म्हणजे दर चौरस मीटरला सहाशे किलोच्या वर वजन, स्लॅबच्या साधारण दुप्पट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हेच वजन खाली आलं. खाली भिंती होत्या दगडांच्या, मातीत रचलेल्या. हजारो माणसं गेली. बाबा तेव्हा तरुण होते. त्यांच्या पिढीला माळवद म्हटलं की गारवा आठवत नाही.

पुण्याला परतल्यावर एका मैत्रिणीनं, जी आर्किटेक्ट आहे, मला कोरियांचं ‘द न्यू लँडस्केप’ हे १९८५ चं पुस्तक वाचायला दिलं. "तू ज्याच्यावर पीएचडी करतेयस ते या माणसानं बांधून दाखवलंय," असं म्हणत दिलं. ते पूर्ण खरं नाही हे मला आता कळलंय. पण जे खरं आहे ते तिनं सांगितलं त्याहून जास्त महत्त्वाचं वाटतं.

ओळख थोडक्यात. मूळ गोव्याचं कुटुंब, जन्म १९३० मध्ये सिकंदराबादला, शिक्षण मुंबई आणि मग अमेरिकेत मिशिगन व एमआयटी. १९५८ पासून मुंबईत स्वतःचं काम. २०१५ मध्ये मुंबईतच निधन. पद्मविभूषण आणि जगातले बहुतेक मोठे पुरस्कार. नाटकवाल्यांना पणजीची कला अकादमी माहीत असेल, ती यांचीच. ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द जाहिरातीत येण्याच्या कितीतरी आधी हा माणूस म्हणत होता की घराचा आकार हवामानानं ठरवावा, यंत्रानं नाही. आपल्याकडे एसी परवडत नाही म्हणून नव्हे, तर आपल्याकडे आभाळाखाली जगता येतं म्हणून.

या विचाराची पहिली चांगली परीक्षा म्हणजे अहमदाबादचं ट्यूब हाउस, १९६१-६२. गुजरात हाउसिंग बोर्डाच्या स्पर्धेसाठी केलेलं स्वस्त घर. फक्त ३.६ मीटर रुंद, पण लांबलचक, म्हणून ट्यूब. उतरतं छत असं की आतली गरम हवा त्या उतारानं वर सरकत जाते आणि वरच्या फटीतून बाहेर पडते, खालून दाराजवळून थंड हवा आत ओढली जाते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे बघून बरं वाटतं, कारण इथं सजावट काहीच नाही. चूल जशी धुराड्यानं ओढते तसं घर हवा ओढतं. याच काळातलं साबरमती आश्रमाचं गांधी संग्रहालय पाहा. विटांचे खांब, कौलं, काचेऐवजी लाकडी झडपा, मध्ये पाणी. पुढं १९६७-६८ च्या पारेख हाउसमध्ये तर त्यांनी घराचे दोन भागच केले, एक उन्हाळ्याच्या दुपारसाठी, खाली रुंद आणि वर निमुळता, आणि दुसरा हिवाळ्यासाठी आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळींसाठी, वर आभाळाकडे उघडत जाणारा.

हे वाचताना मला हसू आलं. आमच्या घरात हे कायम चालायचं. उन्हाळ्यात दुपारी मधली अंधारी खोली, संध्याकाळी अंगण, रात्री सगळ्यांच्या वाकळा धाब्यावर. हिवाळ्यात सकाळी अंगणात, रात्री चुलीजवळ. घर तेच, पण दिवसभरात आम्ही घरात फिरत असायचो. कोरियांचं मोठेपण हे की त्यांनी या फिरण्याकडे गरिबीची अडचण म्हणून पाहिलं नाही. अंगण ही खोलीच आहे, वर्षातले बरेच महिने वापरात असणारी आणि जवळजवळ फुकट मिळणारी, असा हिशेब ते मांडतात. खोलीची किंमत करता तशी अंगणाची करा, म्हणतात. इंजिनिअर आणि सरकारी खातं या दोघांनाही अंगण ‘रिकामी जागा’ वाटतं, तेव्हा हा हिशेब फार उपयोगाचा आहे.

आता तक्रार. सूत्र सुंदर आहे, पण कोरिया स्वतः ते सगळीकडे पाळत नाहीत, आणि त्यांच्याबद्दल लिहिणारे हे सहसा सांगत नाहीत.

पुण्यातली आयुका घ्या. जयंत नारळीकरांनी उभी केलेली संस्था, कोरियांनी रचलेली इमारत. मधोमध कुंडासारखं खोलगट अंगण, चार कोपऱ्यांत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन. भिंतींना खाली आपला काळा बेसॉल्ट, त्यावर आणखी काळा कडप्पा आणि सगळ्यात वर चकचकीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आभाळ दिसतं. विश्वाचा काळोख जमिनीतून वर येतोय अशी कल्पना. माझ्यासारखीला, जी लोणारच्या विवराच्या काठावर सहलीला जाऊन मोठी झाली, तो बेसॉल्ट बघून घरी आल्यासारखं वाटतं. पण काळी भिंत ऊन जास्त शोषते हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. इथं हवामानानं आकार ठरवलेला नाही, कल्पनेनं ठरवलाय. पुण्याची हवा मवाळ, भिंती जाड, मधल्या कुंडात झाडं-गवत, म्हणून ते निभावतं. हीच इमारत अकोल्यात बांधली असती तर? मला ही इमारत मनापासून आवडते, पण तिला हवामानाचा नमुना म्हणून दाखवू नये.

दुसरं उदाहरण मुंबईच्या कंबाला हिलवरची कांचनजंगा. १९७० ते १९८३ या काळात झालेला २८ मजली टॉवर, एकूण ३२ फ्लॅट. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो, पण ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय म्हणून भोवती व्हरांडा काढला होता. कोरियांनी तोच व्हरांडा दुमजली उंचीचा करून टॉवरच्या कोपऱ्यांत कोरला. काम चोख आहे, भौतिकशास्त्र बरोबर आहे, आणि राहणारी माणसं अतिश्रीमंत आहेत. याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, आर्किटेक्टलाही पोट असतं. मला खटकते ती दुसरी गोष्ट. अहमदाबादचं स्वस्त ट्यूब हाउस १९९५ मध्ये पाडलं गेलं. कंबाला हिलवरचा टॉवर दिमाखात उभा आहे. तोच माणूस, तोच विचार. श्रीमंतासाठी केलेलं टिकतं, गरिबासाठी केलेलं टिकत नाही. का? बांधकाम कच्चं म्हणून नक्कीच नाही.

हा प्रश्न डोक्यात घेऊन मी बेलापूरला गेले.

सीबीडी बेलापूरमधलं आर्टिस्ट व्हिलेज, १९८३ ते ८६ चं सिडकोसाठीचं काम. साधारण सहा हेक्टर जागेत साडेपाचशे कुटुंबांसाठी घरं. एकही इमारत उंच नाही, तरी हेक्टरी सुमारे ५०० माणसं बसतात. रचना अशी: सात घरांमध्ये एक छोटा चौक, साधारण ८ मीटर गुणिले ८ मीटर. असे तीन गट मिळून एकवीस घरांचा थोडा मोठा चौक, १२ मीटरचा. असे मोठे चौक मिळून त्याहून मोठी जागा. वाढत वाढत शेवटी मधून जाणाऱ्या ओढ्याशेजारच्या सार्वजनिक जागेपर्यंत. घरं साधी, विटा-कौलं-लाकूड, गावातला गवंडी बांधू शकेल अशी. प्लॉट सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटर. हा आकडा नीट बघा. सगळ्यात गरीब आणि सगळ्यात सधन कुटुंबाच्या जमिनीत दुपटीचाही फरक नाही. घराच्या किमतीत मात्र कितीतरी पटींचा फरक होता. कोणी किती बांधावं हे ज्याच्या त्याच्या खिशावर सोडलं, जमीन मात्र जवळजवळ सारखी वाटली.

पुस्तकातले फोटो घेऊन गेलेल्या माणसाची तिथं फजिती होते. फोटोतली कौलारू, पांढरी, बुटकी घरं मोजकीच दिसतात. बाकी जागी दोन-तीन मजली आरसीसी, टाइल्स लावलेले, ग्रिल बसवलेले, वर पाण्याच्या टाक्या ठेवलेले बंगले. पहिल्या अर्ध्या तासात मी मनात ‘अपयश’ असा शेरा मारून टाकला होता. उन्हाच्या भाषेत बोलायचं तर कौलाच्या जागी स्लॅब आला, म्हणजे माझ्या बाबांनीच बेलापूर जिंकलं.

मग एका छोट्या चौकात कट्ट्यावर बसले. बाहेरचा रस्ता तापलेला असताना तिथं सावली होती. एक मोठं झाड, तुळस, दोन-तीन स्कूटी, वाळत घातलेले कपडे, कॅरम खेळणारी मुलं. एका आजीबाईंनी कोणाकडे आलीस म्हणून विचारलं, म्हणजे चौक कोणाचा आहे हे चौकाला ठाऊक आहे. पुढचा चौक बघितला, त्याच्या पुढचा बघितला. घरं ओळखू येणार नाहीत इतकी बदललेली, चौक मात्र जागच्या जागी. घरांनी आपापल्या हद्दीत जेवढं वर जायचं तेवढं गेली, पण मधली जागा कोणी गिळली नव्हती.

हे आपोआप झालेलं नाही. कोरियांनी एक फार साधी गोष्ट केली होती: कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही. चाळीत किंवा रांगेतल्या घरात तुम्हाला तुमचं घर पाडता येत नाही, शेजारी पडतो. इथं प्रत्येक जण स्वतःपुरतं पाडू शकतो, वाढवू शकतो, कोणाला विचारावं लागत नाही. म्हणजे आपलं घर पाडलं जाणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. किती आर्किटेक्ट हे गृहीत धरतात? आपल्या हातून झालेली भिंत ही शेवटची नाही, आपण फक्त मधली मोकळी जागा आणि हद्दीची रेघ देऊन जातोय, बाकी लोक बघून घेतील. माझ्या मते कोरियांच्या सगळ्या कामात हे सगळ्यात टिकाऊ आहे. ट्यूब हाउसमधला वारा हुशारीचा आहे. पण ते घर बदलता आलं नसतं, बदललं की वारा बंद. बेलापूरचा चौक घरं बदलली तरी काम करतो.

आणि एक भौतिक गोष्टही, जी मला तिथं बसल्यावरच सुचली. मी दोन वर्षं छताचा एक तुकडा घेऊन त्यावर उष्णतेचं गणित करतेय. खरा माणूस छताखाली एका जागी बसून राहत नाही. तापलं की उठून बाहेर येतो, बाहेर सावली आणि ओळखीची माणसं असतील तर. चौक हा माझ्या समीकरणात कुठंच नाही. गाइड सरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग थिसिसमध्ये मर्यादा या प्रकरणात लिही." लिहीन.

पण बेलापूरचं कौतुक इथंच थांबवून चालत नाही, कारण ती सहा हेक्टर जमीन आली कुठून हा प्रश्न उरतोच.

नवी मुंबईची कल्पना १९६४-६५ ची. कोरिया, आर्किटेक्ट प्रवीणा मेहता आणि इंजिनिअर शिरीष पटेल या तिघांनी मांडलेली. मुंबई उत्तर-दक्षिण एकाच रेघेत घुसमटतेय, खाडीपलीकडे नवं शहर करा, सरकारी कार्यालयं तिकडे न्या, त्यामागं नोकऱ्या जातील. शेतजमीन सरकारनं घ्यायची, विकसित करायची, आणि वाढलेल्या किमतीतून गरिबांची घरं आणि सोयी करायच्या. १९७० मध्ये सिडको झाली, कोरिया १९७४ पर्यंत तिचे मुख्य आर्किटेक्ट होते. योजना कागदावर अतिशय न्याय्य. प्रत्यक्षात सरकारी कार्यालयं गेली नाहीत. त्याच काळात सरकारनं नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून टॉवर उभे केले. यावर कोरिया आयुष्यभर बोलत राहिले, लिहीत राहिले, त्यांचा संताप रास्त होता.

ज्यावर कमी बोललं गेलं ते वेगळं. जमीन होती आगरी-कोळी शेतकऱ्यांची, ९५ गावांची. त्यांना मिळालेला मोबदला आणि त्याच जमिनीचा पुढचा भाव यांत जमीन-अस्मानाचा फरक. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात आंदोलन झालं, गोळीबार झाला, पाच जण मेले. त्यातूनच पुढं साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. तारखा शेजारी ठेवा. १९८३ ते ८६, बेलापूरमध्ये समतेचा हिशेब मांडून घरं बांधली जात होती. १९८४, तिथून फार लांब नाही, जमिनीच्या भावासाठी माणसं मरत होती. कोरियांनी गोळी चालवली नाही, ते तेव्हा त्या पदावरही नव्हते. पण त्यांच्या विचारात जमीन ही सुरुवातीपासून सरकारच्या हातात असलेली, कोरी अशी वस्तू आहे. त्या जमिनीवर ती वाटण्याआधीच कोणी तरी राहतंय, पेरतंय, हे चित्रात नाही. शहरात येणाऱ्या गरिबाचा त्यांनी जिवापाड विचार केला. आधीपासून तिथं असलेल्या गरिबाचा तेवढा नाही.

गिरणगावाचं याच्या उलटं. १९९६ मध्ये राज्य सरकारनं गिरण्यांच्या जमिनीचं काय करावं यासाठी कोरियांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सगळ्या जमिनींचा एकत्र विचार करा, मोकळी जागा आणि घरं एकत्र आखा, असा रोख. अहवाल बाजूला पडला. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणीसाठी फक्त आधीपासून मोकळी असलेली जमीन उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो बदल टिकला. आज लोअर परळला उभं राहून वर बघा. इथं कोरियांना दोष देता येत नाही, इथं त्यांचं कोणी ऐकलंच नाही.

म्हणून ‘श्रीमंतासाठीचं का टिकतं’ या प्रश्नाला माझं उत्तर असं: वारा, ऊन, सावली यांतलं कोरियांचं ज्ञान पक्कं होतं, थोडे अपवाद सोडता. पण छत कसं असावं यापेक्षा जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तिचा भाव कोण ठरवतो, याच्यावर घराचं आयुष्य जास्त अवलंबून असतं. कांचनजंगाच्या रहिवाशांकडे दोन्ही होतं. बेलापूरमध्ये प्लॉट ज्याच्या त्याच्या नावावर झाला, म्हणून लोक राहिले, वाढले, चौक सांभाळला. आज तिथं घर घेणं नव्या गरीब कुटुंबाला शक्य नाही, हेही खरं. समतेनं वाटलेली जमीन बाजारात गेल्यावर बाजाराच्या भावानंच विकली जाते. यावर कोरियांकडे उपाय नव्हता. माझ्याकडेही नाही.

हे मेहकरला बसून लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तो आमच्या तालुक्यातून जातो. या महामार्गालगत नवनगरं वसवायचे जे सरकारी प्रस्ताव आले त्यांत आमच्याकडच्या साब्रा-काब्रा परिसराचं नाव होतं. नवनगर! म्हणजे कोणी तरी कुठं तरी टेबलावर नकाशा पसरून आमच्या शेतांवर चौक आखणार. चहाच्या टपरीवर ज्या गप्पा चालतात त्यात एकरी भाव किती, एवढंच असतं. प्लॉट किती मोठे, मधली जागा कोणाची, भूमिहीनाला काय, हे कोणी विचारत नाही. विचारावं असं मला वाटतं, आणि विचारताना एका हातात बेलापूरचा नकाशा आणि दुसऱ्या हातात जासईच्या हुतात्म्यांचा इतिहास असावा.

राहिलं आमचं घर. आजी आणि बाबा जिंकले, स्लॅब होणार. आजीनं वीस-पंचवीस वर्षं जे छत सांभाळलं ते पुढं सांभाळायला कोणी नाही, मी तर नाहीच. मी फक्त एवढं मान्य करून घेतलंय की दर फाल्गुनात स्लॅबवर वरून चुन्याचे दोन हात मारायचे. पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परत पाठवतो, खर्च नगण्य. तुमच्याकडे स्लॅब असेल तर तुम्हीही करून बघा, पहिल्याच आठवड्यात फरक कळतो.

दुसरं भांडण मात्र मोठं झालं. गावातल्या ठेकेदारानं जो नकाशा काढून दिला त्यात घर हद्दीपासून हद्दीपर्यंत होतं. अंगण गायब, त्याजागी चौथी खोली. शेजारच्या काकांच्या भिंतीला भिंत लावून, म्हणजे तेवढीच एक भिंत वाचली. भावाला खोली हवी होती, त्याचं लग्न ठरतंय. मी बेलापूरची कहाणी सांगितली, ती कोणी फारशी ऐकली नाही.

आजीनं चष्मा लावून नकाशा बराच वेळ पाहिला. मग बोटानं सगळ्या खोल्यांवरून फिरवत विचारलं, "जिना कुठी हाय याच्यात? उन्हाळ्यात रातीले वर कुठून जाचं?"

जिना नव्हता. ठेकेदार म्हणाला, आजी, आता पंखे आहेत, वर कोण झोपतं. आजी म्हणाली, लाइन असते काय रातभर?

जिना बाहेरून काढायचा तर जागा लागते. ती चौथ्या खोलीतूनच निघू शकत होती. सध्याच्या नकाशात तीन खोल्या आहेत, शेजारच्या भिंतीपासून दोन हात सोडलेत, आणि जिन्याखाली साधारण दहा बाय बाराची जागा मोकळी आहे. भाऊ तिला पार्किंग म्हणतो.